ठराव आणि ओंजळ : महाडच्या आधारे सामाजिक मानसशास्त्राची ओळख

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत बी. ए. ला मानसशास्त्र विषय घेतलेली मुलेमुली येतात. त्यांच्या वह्या चाळताना आम्हांस नेहमी एक गोष्ट जाणवते. शेरीफ, अ‍ॅश, फेस्टिंजर, ऑलपोर्ट ही नावे त्यांना सनावळीसह पाठ असतात, पण हे सिद्धान्त दूर अमेरिकेत कोणा परक्या माणसांविषयी आहेत, अशाच समजुतीने ती ते पाठ करतात. वास्तविक ज्या घटनेवर हे बहुतेक सिद्धान्त लावून पाहता येतात, ती घटना आपल्याच जिल्ह्यात महाड येथे १९२७ साली घडली. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. चवदार तळ्याचा इतिहास आपल्या वाचकांना माहीत आहे. म्हणून तो सबंध न सांगता, त्यातील माणसांच्या मनात काय काय घडले असावे एवढ्यापुरताच आम्ही हा लेख मर्यादित ठेवला आहे.

प्रथम व्याख्या पाहू. इतर माणसे प्रत्यक्ष समोर असोत, नुसती मनात असोत किंवा त्यांचे असणे गृहीत धरलेले असो, त्यांच्यामुळे एखाद्याचे विचार, भावना आणि वर्तन कसे बदलते, याचा अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र. ही व्याख्या गॉर्डन ऑलपोर्ट यांची. या शास्त्राचा अगदी आरंभीचा एक प्रयोग किनाऱ्यावरच्या वाचकांना आवडेल असा आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चरखी फिरवायला दिली. तेव्हा शेजारी दुसरे मूल फिरवीत असले की पुष्कळ मुलांचा हात अधिक वेगाने चाले. उलट फ्रान्समधील रिंगेलमान यांना दोर ओढणाऱ्यांच्या बाबतीत असे दिसले की ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर थोडा थोडा घटतो. रापण ओढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

आता महाडकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सरकारी खर्चाने किंवा सार्वजनिक संस्थांमार्फत चालणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. तळे गावातच होते, पाणी होते आणि बाजाराला येणाऱ्या माणसांना तहानही लागत होती. तरी मार्च १९२७ पर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, आपल्या माणसांना त्या ठरावाचा उपयोग करता आला नाही. असे का व्हावे? आमच्या मते सामाजिक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सुरुवात या प्रश्नापासून करावी.

"लोक भित्रे होते" हे उत्तर सोपे आहे आणि तेच पुष्कळदा दिले जाते. आम्हांस ते मान्य नाही. याच लोकांपैकी अनेक घरांतील पुरुष पलटणीत नोकरी करून आलेले होते. उत्तर त्यांच्या स्वभावात न शोधता परिस्थितीत शोधावे, ही या शास्त्राची पहिली शिकवण आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण सांगताना आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती नजरेआड करतो. या चुकीला मूलभूत गुणारोपण-दोष असे म्हणतात.

त्या परिस्थितीचे नाव रूढी, म्हणजेच शास्त्राच्या भाषेत सामाजिक प्रमाणक. मूळचे तुर्कस्तानचे मुझफर शेरीफ यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना पूर्ण अंधाऱ्या खोलीत बसवून एक बारीक प्रकाशबिंदू दाखवला. बिंदू स्थिर असतो, पण अंधारात तो हलल्यासारखा भासतो. "किती हलला?" असे विचारले तर एकेकटी माणसे वेगवेगळे आकडे सांगत. तीच चार वेळा एकत्र बसली की सर्वांचे आकडे जवळजवळ येत, आणि पुढे प्रत्येकाला एकटे बसवले तरी तो गटाचाच आकडा धरून राही. १९६१ साली जेकब्ज आणि कॅम्बेल यांनी याच्या पुढचा प्रयोग केला. त्यांनी गटात आपली माणसे पेरून मुद्दाम फुगवलेला आकडा रूढ केला. मग एकेक जुना माणूस काढून त्या जागी नवा बसवीत गेले. आकडा पेरणारा एकही जण उरला नाही, तरी पुढच्या चारपाच 'पिढ्या' त्याचा प्रभाव टिकून होता! नंतर मात्र तो ओसरला.

प्रयोगशाळेतली रूढी काही पिढ्यांत ओसरते आणि पाणवठ्याची रूढी शतकानुशतके टिकते, यातला फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा. खोलीत खरा आकडा सांगणाऱ्याला कोणी मारत नाही, त्याची मजुरी बंद करत नाही, त्याला गावाबाहेर काढत नाही. पाणवठ्याच्या रूढीमागे मार होता आणि बहिष्कारही होता. म्हणून जातीला नुसती "मनाची सवय" म्हणणारे लेखन वाचताना आम्हांस अपुरे वाटते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे, कारण पाठ्यपुस्तकात ती आढळत नाही. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. जातीची घडण एका वर्गात होऊन ती इतरांत कशी पसरली, हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. वरच्या समजल्या जाणाऱ्यांचे अनुकरण खालचे करतात, आणि जो जितका जवळ तो तितके अधिक करतो, असा तो नियम. सामाजिक मानसशास्त्र हे नाव शीर्षकात असलेली पहिली इंग्रजी पाठ्यपुस्तके १९०८ सालची. म्हणजे हे शास्त्र बाल्यावस्थेत असताना आपल्या माणसाने ते जातीला लावून पाहिले होते. आपल्या विद्यार्थ्यांनी तो निबंध मुळातून वाचावा. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या भाषण-लेखनाच्या पहिल्याच खंडात तो आहे.

परिषदेने काय केले?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मेलेली जनावरे ओढणे सोडा, मृतमांस खाणे सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, शेतीसाठी जमीन मिळवा, असे बाबासाहेबांनी भाषणात सांगितले. त्यावर ठराव झाले. भाषण आणि ठराव यांत फरक काय, असे आम्हांस एका विद्यार्थ्याने विचारले होते. त्याचे उत्तर कुर्ट लेविन यांच्या कामात मिळते. हे ज्यू प्राध्यापक हिटलरच्या उदयानंतर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. दुसऱ्या महायुद्धात तिथे मांसाची टंचाई झाली, तेव्हा गृहिणींनी जनावराचे हृदय, गुर्दा असे भाग रांधावेत असे सरकारला हवे होते. पण घरोघरी त्याची किळस होती. लेविन यांनी काही गटांपुढे उत्तम व्याख्याने ठेवली, तर काही गटांत बायकांनाच आपसात चर्चा करू दिली आणि शेवटी "कोण करून पाहील?" म्हणून हात वर करायला लावले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के बायकांनी पुढे तो पदार्थ केला, आणि हात वर केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के.

अन्नाची सवय मोडणे किती कठीण असते हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. महाडला आणि नंतर गावोगावच्या बैठकांत मृतमांस सोडण्याचा निर्णय चारचौघांसमक्ष झाला, म्हणून तो पाळला गेला. चारचौघांदेखत हात वर केलेला माणूस घरी गेल्यावर एकटा राहत नाही. शेजाऱ्यानेही हात वर केला होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

परिषदेचे काम संपत आले असता अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आता सर्वांनी मिळून तिथे जावे. चित्रे हे कायस्थ प्रभू. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस हेही त्याच समाजातले. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. या तिघांचे महत्त्व सोलोमन अ‍ॅश यांच्या १९५१ च्या प्रयोगावरून उमगते. अ‍ॅश यांनी रेषांची लांबी ओळखायला दिली, आणि खोलीतल्या आधीच पढवून ठेवलेल्या सर्वांनी उघड चुकीचे उत्तर दिले. अशा वेळी खऱ्या उमेदवारांनी जवळजवळ एकतृतीयांश उत्तरे डोळ्यांना दिसत असूनही चुकीची दिली. याला अनुरूपता म्हणतात. पण पढवलेल्यांपैकी एकानेच जरी खरे उत्तर दिले, तरी चुका एकदम खाली येऊन पूर्वीच्या पावभर राहिल्या. सर्व सवर्ण एकमुखाने बोलत नाहीत, एवढे दिसणेच पुरेसे असते. त्याचा फायदा आपल्याला झाला आणि मनातून न पटणाऱ्या पण गप्प बसलेल्या सवर्णांनाही झाला असणार. मनातून कोणालाच न पटणारी चाल "इतरांना पटते" या समजुतीने सगळेच पाळतात. १९३१ साली कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधले.

मग हजारो माणसे शिस्तीने रांगेत तळ्याकडे गेली. बाबासाहेबांनी पाणी घेतले, आणि पाठोपाठ इतरांनी. तार्द यांचा अनुकरणाचा नियम येथे उलट्या दिशेने लागू पडला. ज्या नियमाने जात पसरली, त्याच नियमाने ओंजळीमागून ओंजळ भरली गेली.

अफवा आणि शुद्धी

पुढचा प्रकार सर्वांना माहीत आहे. "आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार" अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. काही मुस्लिम घरांनी आपल्या माणसांना आसरा दिला. देवळात जाण्याचा विचार परिषदेत नव्हता. मग अफवा उठली कशी आणि इतक्या जणांना खरी वाटली कशी?

या प्रश्नावरचे एक मूलभूत संशोधन भारतातले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याचे जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा जमा केल्या. जिथे धक्का बसला पण नुकसान झाले नव्हते, अशा भागातही याहून मोठी संकटे येणार असल्याच्या अफवा होत्या. घाबरलेल्या माणसाने आणखी भीती वाढवणाऱ्या गोष्टी का सांगाव्यात? लिऑन फेस्टिंजर यांनी यावर विचार केला आणि १९५७ साली बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त मांडला. मनात भीती आहे आणि डोळ्यांसमोर तिचे कारण नाही, ही विसंगती माणसाला सोसत नाही. म्हणून तो भीतीला शोभेल असे कारण तयार करतो. महाडच्या सवर्णांचेही असेच झाले असावे असे आम्ही मानतो. माणसांनी पाणी प्यायले यात मारण्यासारखे काही नव्हते, पण राग तर अनावर झालेला. देवळाच्या अफवेने त्या रागाला जागा मिळाली.

नंतर तळ्याची शुद्धी झाली. गोमूत्र, शेण, दूध, दही यांचे मिश्रण १०८ घागरी पाण्यातून मंत्रोच्चारात तळ्यात ओतले गेले. त्या तळ्यावर अन्य धर्मीयांना मज्जाव नव्हता आणि जनावरेही तिथे पाणी पीत. तेव्हा विसंवाद आधीपासूनच होता. फक्त तो कोणाला टोचत नव्हता. २० मार्चने तो उघड्यावर आणला. विसंवाद मिटवण्याचे दोन मार्ग असतात, समजूत बदलणे किंवा समजुतीला नवा टेकू देणे. महाडच्या सनातन्यांनी दुसरा मार्ग घेतला. नगरपालिकेनेही ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

प्रकरण दिवाणी कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. शेरीफ यांच्या अंधाऱ्या खोलीतला आकडा येथे आठवावा. खोलीतल्यांना तो आकडा नेहमीचाच वाटत होता. कोर्टात मात्र पुरावा द्यावा लागतो.

पोशाख आणि परीक्षा

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद झाली. बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर कोर्टाची मनाई असल्याने सत्याग्रह तहकूब करावा लागला. त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांना जे सांगितले, त्याकडे मानसशास्त्राच्या दृष्टीने फार थोडे लक्ष दिले गेले आहे. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसण्याची पद्धत आणि गळ्याहातातले कथलाचे जड दागिने ही ओळखीची खूण आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले आणि स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. आधी मन बदलावे, मग वागणूक बदलेल, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. डॅरिल बेम यांनी १९६७ च्या सुमारास उलट मांडणी केली. आपण कोण आहोत हे माणूस पुष्कळदा स्वतःच्या वागण्याकडे पाहून ठरवतो. लुगडे घोट्यापर्यंत नेसून गावात चाललेली बाई स्वतःच्या मनातही दुसरी बाई झालेली असते. आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतला साचाही त्यामुळे मोडू लागतो.

हा साचा किती खोल जातो, हे केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने दाखवले. त्यांनी लहान निग्रो मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी "छान बाहुली" म्हणून गोरी उचलली. या संशोधनाचा उल्लेख १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शालेय विभक्तीकरणाविरुद्धच्या निकालात झाला. आपल्याकडचा पुरावा याहून जवळचा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी सोडवलेल्या कोड्यांत लक्षणीय फरक नव्हता. मग प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच आणि कोडीही तीच. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९५ साली स्टील आणि अ‍ॅरन्सन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत असेच पाहिले होते. पुढच्या काही पुनर्प्रयोगांत हा परिणाम सुरुवातीला वाटला तितका मोठा निघालेला नाही, हेही विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहावे. त्याने गुण कमी होत नाहीत.

आम्ही यावर मुद्दाम थांबलो, कारण आपल्या सभांतून "आपल्या मुलांत न्यूनगंड आहे, तो त्यांनी काढून टाकावा" असे भाषण हमखास होते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण वर्गात मोठ्याने जात वाचली जाते, शिष्यवृत्तीच्या यादीतल्या मुलांना उभे करून मोजले जाते, आणि घसरलेल्या गुणांचा दोष मात्र मुलाच्या मनाला दिला जातो. मूलभूत गुणारोपण-दोष म्हणतात तो हाच. बँकेच्या काउंटरवर आम्ही वर्षानुवर्षे पाहतो, घरी पत्रे लिहिणारा माणूस काचेपलीकडून कोणी मोठ्याने आडनाव विचारले की सही चुकवतो. त्याच्या बोटांत काही दोष नसतो. नोकरीच्या अर्जांचेही तसेच आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त आडनावांचा. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. येथे न्यूनगंड कोणाचा म्हणायचा?

सहवास पुरतो का?

लोक एकमेकांत मिसळले की पूर्वग्रह आपोआप जातात, असा एक भाबडा समज आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली सहवासाला चार अटी घातल्या : दर्जा समान हवा, ध्येय समान हवे, त्यासाठी एकमेकांच्या मदतीने काम करावे लागावे, आणि कायद्याचा किंवा अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. आपल्याकडे गाव आणि महारवाडा शेकडो वर्षे हाकेच्या अंतरावर होते. सहवास होता, पण चारांपैकी एकही अट पुरी होत नव्हती.

या अटी बऱ्याच अंशी पुऱ्या झाल्या, त्या खोतीविरुद्धच्या लढ्यात. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. बाबासाहेबांनी या लढ्याला पाठिंबा दिला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्यात कोकणचे कुणबी आणि महार एका बावट्याखाली चालले. शेरीफ यांनी १९५४ साली ओक्लाहोमातील मुलांच्या शिबिरात जे पाहिले ते असेच होते. एकमेकांशी भांडणारे दोन गट नुसते एकत्र जेवायला बसवून शांत झाले नाहीत. पाणीपुरवठा बंद पडला, गाडी अडकली, आणि सर्वांनी मिळून ती ओढावी लागली, तेव्हा भांडण निवळू लागले. मात्र शिबिरातली मुले सर्व एकाच वर्गातली, एकाच वर्णाची होती. कुणबी-महार एकी मोर्च्यानंतर गावच्या पाणवठ्यापर्यंत किती पोहोचली, याचा हिशेब गावागणिक वेगळा निघेल.

तो हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा, असे आमचे सुचवणे आहे. अभ्यासिकेत एक नोंदवही ठेवली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सत्तरीपुढच्या एका तरी आजीला विचारावे : सार्वजनिक विहिरीवर किंवा नळावर तुम्ही पहिल्यांदा कोणत्या साली भांडे लावले? एकट्या गेलात की सोबत कोणी होते? पहिली कोण पुढे झाली? विहिरीवर त्या वेळी जे होते, त्यांतले कोण बोलले आणि कोण गप्प राहिले? आजीचे नाव लिहू नये; गाव, साल आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहावेत.